फिटरच्या सेक्शनवर विसंबू नका

रंधा मशीन विकणाऱ्यानं माझ्या सागाला नावं ठेवली, याचा राग अजून गेलेला नाही. दोन फळ्यांच्या कडा मारून एकमेकींना भिडवल्या की टोकं टेकायची आणि मध्ये फट राहायची. "लाकूड ओलं असेल साहेब." मग, "तुमचा माणूस दाब बरोबर देत नाही." हातरंध्यावर आयुष्य काढलेल्या आमच्या मिस्त्रींना हे ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी विकणाऱ्याचा फिटर आला. खिडकीचा अॅल्युमिनियम सेक्शन दोन्ही टेबलांवर टाकला, वाकून पाहिलं, "एकदम लेव्हल" म्हणाला आणि सहीसाठी कागद पुढे केला. मी तोच सेक्शन पालथा करून ठेवायला लावला. आता तो मधोमध टेकून झुलायला लागला. म्हणजे सेक्शनच वाकडा! फिटरसाहेब मोबाईलमध्ये बघत होते.

पाच फुटांची पोलादी स्ट्रेटएज परवडत नाही, म्हणून लाकडी केली. एक नाही, तीन. एकटीला खोटं पाडायला कुणी नसतं. 18 मिलिमीटर प्लायच्या पाच इंच रुंद पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या कडेवर दोन टोकांना आणि मधोमध गोल डोक्याचा स्क्रू बसवा, आधी भोक पाडून, नाहीतर प्लाय फाटतो. टोकांचे स्क्रू पुन्हा हलवायचे नाहीत. तिघींना अ, ब, क म्हणू. पट्ट्या टेबलावर आडव्या ठेवून स्क्रूंची डोकी समोरासमोर आणा. ब आणि क या दोघींचे मधले स्क्रू अ-शी जुळवा, तिन्ही जागी सिगारेटचा पातळ कागद सारख्याच ओढीनं निघेपर्यंत. आता ब आणि क समोरासमोर. अ मध्ये खोल असेल तर या दोघी फुगीर निघतात आणि चूक दुप्पट दिसते. त्यातली निम्मी ब-च्या मधल्या स्क्रूवर काढा, अ आणि क पुन्हा ब-शी जुळवा. तिघींचं एकमत होईपर्यंत हेच. जोसेफ व्हिटवर्थनं 1840 मध्ये ग्लासगोला सपाट पृष्ठभागांसाठी हीच तिघांची युक्ती मांडली होती.

मग पट्टी मशीनवर धरली. आउटफीड टेबलावर घट्ट टेकवल्यावर इनफीडच्या बाहेरच्या टोकाला फिलर गेजची 0.40 मिलिमीटरची पात सहज आत गेली. टेबल टोकाकडे पडलेलं. कडा पोकळ निघणारच! फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "लाकडी पट्टीनं मशीन मोजतात का?"

दुरुस्ती अशी: आधी जिब घट्ट करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आमचं भागलं नाही, म्हणून टेबल ज्या उतारावर सरकतं त्याच्या बाहेरच्या बाजूला पितळी शिम घातली. जिब सोडून पुन्हा आवळताना माप बदलतं. प्रत्येक वेळी पट्टी लावा. ती भिंतीला उभी टेकवून ठेवू नका, टांगा. पावसाळ्यात वापरण्याआधी तिघी परत जुळवून पाहा.

बाकी, मशीन घेताना शेवटचा हप्ता राखून ठेवा, सगळं लेखी घ्या, ओळखीतला माणूस सोबत न्या. माहीत असतं सगळ्यांना. आमच्या शिमचं आणि मजुरीचं बिल मी त्यांना पाठवलंय. अजून तरी पोचही आलेली नाही.