पांढरीखालचे गाव

महाराष्ट्रातील शेतकरी कसदार रानाला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतो. चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून जुन्या वस्तीची जागा उंचावते व पांढुरकी दिसू लागते. काळ्या रानात उठून दिसणारे असे टेकाड ही पुरातत्त्वज्ञाची पहिली खूण होय.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या सुपीक खोऱ्यात, इनामगाव येथे अशी टेकाडे आहेत. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर प्रभृती संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले.

सर्वेक्षणाचा आरंभ मात्र कुदळीने होत नाही. पावसाने धुतलेल्या किंवा नांगरलेल्या जमिनीवरील खापरे प्रथम वेचली जातात. जोर्वे संस्कृतीचे खापर तांबडे असून त्यावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असते. टिचकी मारताच ते धातूसारखे खणखणते. शाळेतील मुलांनाही ही परीक्षा सहज शिकविता येईल.

इनामगावी इ. स. पू. १६०० च्या सुमारास शेतकऱ्यांनी वस्ती केली. सातू हे त्यांचे मुख्य पीक. पुढे चौकोनी घरे, धान्याचे कोठार, शेजारी प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, पाण्यासाठी बांध व पाट अशी भरभराट झाली. मृत बालकांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घरातच पुरीत. इ. स. पू. १००० नंतर मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. पर्जन्यमान घटल्याने शेती खालावली, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

हे सारे कळले ते थर शाबूत होते म्हणून. पांढरीची माती खत म्हणून शेतात घालण्याची प्रथा जुनी आहे; तिच्यामागे अडाणीपणा नसून गरज आहे. परंतु गाडीभर मातीबरोबर थर जातो आणि मग हाती उरलेल्या खापराचे वय सांगता येत नाही. अशा ठिकाणी काही वस्तू सापडल्यास तलाठ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. भूमिगत निधीविषयीचा १८७८ चा कायदा त्यासाठीच आहे.

प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार भरीव शिल्पे मिळाली. ती थरांच्या शास्त्रीय उत्खननातून आलेली नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही.