माळशेजपलीकडची दुर्बीण आणि आफ्रिका

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. माझं गाव किन्हवली. सरळगावला कल्याण-नगर रस्ता पकडला की टोकावडे, मग माळशेज घाट, आणि घाटापलीकडे ओतूर, नारायणगाव, खोडद. २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं. तिथेच मी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण प्रथम पाहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश! पण हिच्या आधी अशीच एक मोठी दुर्बीण आफ्रिकेत उभारायचं चाललं होतं, हे मला बरंच नंतर कळलं.

टीआयएफआरच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली होती. ती टेकडीच्या उतारावर आहे. उतार सुमारे ११ अंश, म्हणजे तिथल्या अक्षांशाइतकाच. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून तारा धरून ठेवता येतो. आता विषुववृत्तावर हा कोन किती? शून्य! म्हणजे टेकडी नको, सपाट जमीन चालेल आणि लांबी हवी तेवढी वाढवता येईल. म्हणून केनियासारख्या देशात, विकसनशील देशांनी मिळून, २ किलोमीटर लांबीची दुर्बीण बांधावी अशी त्यांची कल्पना होती. पण ती कागदावरच राहिली. आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्टला वर्गणी काढली, एकीचे पैसे आलेच नाहीत आणि मोटर घ्यायची राहून गेली. देशांचंही फार वेगळं नसावं.

मग १९८४ च्या सुमारास जीएमआरटीची कल्पना पुढे आली. इथे पैसा एकाच सरकारचा होता. तो बेताचा होता, म्हणून डोकं जास्त चालवलं. डिश भरीव पत्र्याची न करता बारीक स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो. २१ सेंटिमीटरच्या लहरीला मात्र एवढीशी भोकं दिसतच नाहीत, ती आरशासारखी परत फिरते. ३० पैकी १४ डिश मध्यभागी आहेत, बाकीच्या तीन फाट्यांवर. टोकाटोकातलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. लहरीची लांबी भागिले हे अंतर करा, दोन सेकंदांच्या आतला कोन येईल (हा घड्याळाचा सेकंद नव्हे हं!). निरीक्षणाचा वेळ जगातल्या कुणाही शास्त्रज्ञाला प्रस्ताव पाहून मिळतो, त्याला भाडं नाही. मला हे सगळ्यात आवडलं.

आफ्रिकेचं स्वप्नही संपलं नव्हतं. मॉरिशसमध्ये (तिथे मराठी माणसंही आहेत!) भारताबरोबर बांधलेली दुर्बीण १९९२ मध्ये सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेची ६४ डिशची मीरकॅट २०१८ मध्ये पूर्ण झाली. ती आता एसकेए या जागतिक दुर्बिणीत सामील होणार आहे. त्या प्रकल्पासाठी भारतानं २०२४ मध्ये १२५० कोटी रुपये मंजूर केले. घाना, केनिया, झांबियासह आठ आफ्रिकी देश दक्षिण आफ्रिकेचे भागीदार आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करायचा, हे तिथल्या देशांनी १९८० मध्येच लागोसला ठरवलं होतं, पण बहुतेकांना ते जमलेलं नाही. आपणही एका टक्क्याच्या खालीच आहोत, तेव्हा हसायला नको.

घानानं मात्र कमाल केली. समुद्राखालच्या फायबर केबल आल्यावर कुंटुन्से इथली ३२ मीटरची उपग्रह-संपर्काची डिश बिनकामाची झाली होती. ती भंगारात न काढता दक्षिण आफ्रिकेच्या मदतीनं तिची रेडिओ दुर्बीण केली आणि २०१७ मध्ये ती सुरू झाली. आपल्या जुन्नर तालुक्यातही, आर्वीला, १९७१ पासूनचं विक्रम उपग्रह केंद्र आहे. खोडदला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून तेही बघा.