मुलांना यूसुफ (अ.) यांचा तुरुंगवास सांगताना

ऑगस्ट २०१२ मध्ये दहशतवादाच्या आरोपाखाली नांदेडच्या काही तरुणांना अटक झाली. त्यांत एक फळविक्रेता होता, एकाचे इन्व्हर्टर-बॅटरीचे दुकान होते. जून २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने या दोघांना निर्दोष सोडले. त्याच खटल्यात इतर तिघांना शिक्षा झाली, हेही सांगितले पाहिजे; दोषी व निर्दोष वेगळे करणे हेच न्यायालयाचे काम. मात्र त्याला नऊ वर्षे लागली. एवढ्या काळात घरातले तान्हे मूल चौथीत जाते.

अशा बातम्या आपली मुले ऐकतात आणि विचारतात, "अब्बा, काही केले नसतानाही नेतात का?" आपण एक तर त्यांना गप्प करतो, नाही तर सारे जग वैरी असल्याचे सांगतो. पहिल्याने मूल भीतीसोबत एकटे पडते, दुसऱ्याने त्याच्या मनात द्वेष रुजतो.

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफ याहून प्रामाणिक उत्तर देते. सदरा मागून फाटलेला होता, निर्दोषत्व उघड झाले होते, तरीही ह. यूसुफ (अ.) यांना अनेक वर्षे कैद घडली. म्हणून कैदेत असणे म्हणजे अपराधी असणे नव्हे, हे मुलाला कळू द्या. राजाचे बोलावणे आले तेव्हा ते धावत बाहेर पडले नाहीत. आधी प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी पाठविला. सब्र म्हणजे मुकाट सोसणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. तो येथे टिकत नाही. आणि ह. याकूब (अ.) यांची तर रडून दृष्टी गेली होती. मुलाला रडू द्यावे.

सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासूनचा प्रसंगही सांगावा. मदीनेत आपल्यातल्याच एकाने केलेल्या चोरीचा आळ एका यहुदी माणसावर घातला गेला, असे भाष्यकार सांगतात. वह्यने त्या यहुद्याला निर्दोष ठरविले. आपल्या मराठवाड्यात पारधी मुले असाच आळ जन्मापासून वाहतात. १८७१ चा 'गुन्हेगार जमाती' कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. आपल्या मोहल्ल्यात चोरी झाली की आपली नजर प्रथम कोणाच्या पालाकडे वळते?

मोठ्या मुलांना राज्यघटनेचे कलम २२ समजावून द्यावे: अटकेचे कारण कळण्याचा, पसंतीचा वकील घेण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क. सूरह यूसुफच्या पाठानंतर मी हे शिकवतो, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चोवीस तास केव्हापासून मोजायचे? अटकेच्या क्षणापासून, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून.