मुलाचे ताट आणि आपला हात

मागील महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आले. "मौलाना, हा जेवतच नाही. दम करून द्या," असे ते म्हणाले. मी दुआ केली आणि मग विचारले, "याच्या ताटात वाढतो कोण आणि किती?" आई वाढते, वडील बाजूला बसतात आणि ताट पुसून काढल्याशिवाय मुलाला उठू देत नाहीत, असे कळले. त्यासाठी हदीसचाच आधार ते सांगत होते.

वाचकहो, हा आधार आपण नीट तपासला पाहिजे. ताट स्वच्छ करावे, पडलेला घास उचलून घ्यावा, शैतानासाठी सोडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. ती निःसंशय आपली सुन्नत आहे. परंतु ज्याने स्वतः वाढून घेतले त्याने ते संपवावे, हे एक. आणि मोठ्याने आपल्या अंदाजाने डोंगर रचावा व लहानाने तो उपसावा, हे निराळे. अन्न वाया गेलेच तर त्याची जबाबदारी प्रथम वाढणाऱ्या हातावर येते. सूरह अल-आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याच्या परवानगीबरोबरच अतिरेकाची मनाई आहे. पोट भरल्यावर कोंबलेला घास अतिरेकात येत नाही काय?

हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) यांची हदीस मदरशातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. उम्मे सलमा (रजि.) यांचे हे पुत्र प्रेषितांच्या (स.) छत्राखाली वाढत होते. जेवताना त्यांचा हात थाळीभर फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने खाण्यास आणि आपल्यासमोरचे खाण्यास सांगितले. मी ही हदीस कित्येक वर्षे शिकवीत आलो. पण तिच्यात काय नाही, याकडे माझे लक्ष उशिराच गेले. किती खा, हे तिच्यात नाही. हे संपव, तेही नाही. शिस्त खाण्याच्या रीतीला लावली, भुकेला नव्हे. आणि ते म्हणतात की त्यानंतर त्यांची खाण्याची रीत कायम तशीच राहिली.

आवडीनिवडीचेही तसेच. प्रेषितांनी (स.) कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, रुचले तर खाल्ले, नाही तर सोडले. भाजलेली घोरपडीसारखी 'दब्ब' समोर आली तेव्हा त्यांनी हात आवरला. ती हराम नाही, आपल्या लोकांच्या भूमीत ती नसते म्हणून मन घेत नाही, असे सांगितले. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तीच त्यांच्या देखत खाल्ली. एकाच दस्तरखानावर दोन आवडी नांदल्या. मुलाने कारले नाकारले तर तो उद्धट ठरत नाही. "शी, कसले घाण!" असे म्हणाला, तर मात्र तेथे त्याला अदब शिकवावी.

याचा अर्थ सर्वच त्याच्यावर सोपवावे असा नाही. हजरत हसन (रजि.) यांनी लहानपणी सदक्याचे खजूर तोंडात टाकले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते टाकावयास लावले आणि कारणही सांगितले. हलाल-हरामाची सीमा पालकांनी आखावयाची. काय शिजवायचे, केव्हा वाढायचे, तेही त्यांनीच ठरवावयाचे. मुलाला बाजारातील पाकिटे हवीत म्हणून ती घरात आणलीच पाहिजेत, असे नव्हे. पण त्या सीमेच्या आत, दस्तरखानावर आलेल्या पदार्थांतून कोणता आणि किती घ्यावा, हे त्याला ठरवू द्यावे. उद्या तो वसतिगृहात एकटा जेवेल. तेव्हा नकार देण्याची सवय त्याला कोठून येणार?

एका प्रसंगी उजवीकडे लहान मुलगा आणि डावीकडे वडीलधारे बसले असता, पेय आधी वडीलधाऱ्यांना देऊ काय, असे प्रेषितांनी (स.) त्या मुलास विचारले. तो नाही म्हणाला. प्रेषितांनी (स.) ते त्याच्याच हाती दिले. आपण आपल्या मुलाला असे कधी विचारतो?

वजन घटत असेल, मूल मलूल असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. या मुलाचे तसे नव्हते. मी त्या गृहस्थांना एवढेच सुचविले की लहान ताट द्या, त्याला स्वतः वाढून घेऊ द्या आणि त्याच्या ताटाकडे पाहू नका. पहिले चार दिवस तो नुसता डाळभात जेवला. आईला रडू आले. पाचव्या दिवशी त्याने वडिलांच्या ताटातील सुका बोंबील मागितला. भाकरी मात्र तो अजून चतकोरच घेतो.