वणवा विझविणारा वनरक्षक

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे राहत असाल, तर उन्हाळ्यातील एखाद्या रात्री मलंगगड-चंदेरीच्या डोंगररांगेवर तांबडी, वाकडीतिकडी रेघ सरकताना तुम्ही पाहिली असेल. तो वणवा! अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आग लागली, तर बंब धावतो. डोंगरावर ना रस्ता, ना नळ. मग तेथील आग कोण विझवितो आणि कशाने?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, प्राणवायू आणि उष्णता. यांपैकी एक काढून घेतली की आग विझते. बंबाचे पाणी उष्णता काढून घेते. डोंगरावर पाणी नेता येत नाही आणि वाऱ्यावर आपली सत्ता नाही. उरते जळण. म्हणून आगीच्या वाटेतील वाळलेले गवत व पालापाचोळा दूर करणे, हेच मुख्य काम. जंगलात असे साफ केलेले पट्टे राखतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतात. जाळरेषा त्यापूर्वी तयार हव्यात. आग लागलीच, तर हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपतात किंवा हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने पाचोळा बाजूला उडवितात.

आता एक प्रयोग. शिक्षकांसमोर, पाण्याच्या परातीवर, चिमट्यात धरलेली आगकाडी पेटवा. पेटते टोक आधी वर व मग खाली करा. टोक खाली असताना ज्योत झपाट्याने वर चढते, कारण ती वरचे लाकूड आधीच तापविते. उतारावरील गवताचे असेच होते. उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेले लोक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. म्हणून आगीच्या वरच्या बाजूस कधीही थांबू नये.

अमेरिकेत वणवा विझविणे हा स्वतंत्र पेशा आहे. तेथे १९४० पासून हवाई छत्रीने आगीजवळ उतरणारी पथकेही आहेत. आपल्याकडे ही जबाबदारी वन विभागाच्या वनरक्षकावर असते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना पाठविते. पण डोंगर चढायचा तो माणसानेच, गावकऱ्यांना बरोबर घेऊन.

वनरक्षक व्हायचे असेल, तर विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. भरतीत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर धावावे लागते. पदवीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल होता येते. तेव्हा पुस्तकाबरोबर पायांनाही आतापासून सराव द्या.

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. गवत चांगले यावे म्हणून कोणी डोंगर पेटवितो, कोणी विडीचे थोटूक टाकतो. रोपे व जमिनीवरील घरटी जळतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांतून उल्हास नदीत जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. सहलीला गेलात, तर चुलीतील शेवटचा निखारा विझविल्याशिवाय निघू नका. वनरक्षकाचे निम्मे काम तेथेच होते.