पाणी अडलं कुठे?

चि. भाचेबुवांस, अनेक आशीर्वाद.

फ्रिज आणि वॉशिंग मशिनच्या जोडीला आता डिशवॉशरचेही कॉल तुझ्याकडे येतात, हे ताईच्या फोनवरून कळलं. 2020च्या टाळेबंदीत धुण्याभांड्याच्या मावशी येईनाशा झाल्या आणि शहरांतल्या कितीतरी घरांत हे यंत्र शिरलं. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची वॉरंटी एव्हाना संपली असणार. ‘तळाशी पाणी साचून राहतं’ ही तक्रार तुला वारंवार ऐकावी लागेल.

या तक्रारीवर नवशिक्या कारागिराचं उत्तर ठरलेलं असतं: पंप गेला. तो नवा पंप बसवतो, पैसे घेतो आणि आठवड्याभरात त्याच घरातून पुन्हा फोन येतो. जाणता कारागीर आधी पाण्याची वाट तपासतो. टबच्या तळाचा खळगा, त्यातला फिल्टर, ड्रेन पंप, पाणी उलटं येऊ न देणारी झडप, नळी आणि सिंकखालचा जोड, यांपैकी कुठेही पाणी अडू शकतं. पंप त्यांतला फक्त एक. आणि फिल्टरखाली थोडंसं पाणी कायम राहतं, तो दोषच नव्हे.

पहिली परीक्षा बादलीची. सिंकखालून नळी सोडवायची, तिचं तोंड बादलीत धरायचं आणि चालू प्रोग्रॅम रद्द करायचा. बऱ्याच मशिनमध्ये त्यासाठी स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून ठेवावं लागतं. मग पंप पाणी फेकू लागतो. पण बादली जमिनीवर ठेवू नकोस, जोडाच्या उंचीला धर. खाली ठेवली तर दुबळ्या पंपाचंही पाणी उताराने वाहून जातं आणि निदान चुकतं. धार जोरदार आली तर मशिन निर्दोष. सिंकचा ट्रॅप तुंबलेला असतो. नवीन जोडणी असेल तर जोडावरचं प्लास्टिकचं बूच कापायचंच राहून गेलेलं असतं, हेही पाहा.

धार आली नाही तर मशिनकडे वळायचं. प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी वाटीने आणि स्पंजने उपसायचं, तेही हातमोजे घालून, कारण गढूळ पाण्यात फुटक्या ग्लासाची कपची दिसत नाही. मग फिल्टर काढून बघायचा.

जोसेफिन कॉक्रन यांनी 28 डिसेंबर 1886 रोजी इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावातून डिशवॉशरचं पेटंट मिळवलं, तेव्हा त्यांच्यासमोर चिनी मातीच्या नाजूक बशा होत्या. तुझ्यासमोर फोडणीची कढई आहे. फिल्टरमध्ये कढीपत्ता, मोहरी, लिंबाच्या बिया, चिंचेचे धागे आणि फुगलेली शितं सापडतील. लोणच्याच्या बरणीचं लेबल तर फारच वाईट: गरम पाण्यात त्याचा लगदा होतो आणि बारीक जाळी पार बुजते. तुपाचं आणखी वेगळं. धुताना ते वितळतं आणि नळीत जाऊन थिजतं. भांडी घासायचं साधं लिक्विड कुणी घातलं असेल तर टबभर फेस होतो आणि पंपाला पाण्याऐवजी हवाच मिळते.

फिल्टर स्वच्छ असूनही पाणी हलत नसेल, तेव्हा कुठे पंपाचं झाकण काढायचं. आतला पंखा बोटाने फिरवला की अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. तो बिघाड नाही, आतल्या लोहचुंबकाची ती ओढ असते. मुळीच फिरला नाही तर टूथपिक किंवा काच अडकलेली शोधावी.

डिस्प्लेवरचे आकडेही मदतीला असतात. बॉशच्या बऱ्याच मशिनवर ‘ई 24’ म्हणजे नळी मुडपली किंवा तुंबली; ‘ई 25’ म्हणजे पंप अडकला किंवा त्याचं झाकण नीट बसलं नाही. ‘ई 15’ दिसलं तर मात्र सावध. खालच्या ट्रेमध्ये गळतीचं पाणी उतरून तरंगता स्विच उचलला गेलेला असतो. अशा वेळी पंप थांबतच नाही, आणि घाईतला कारागीर त्या बिचाऱ्यालाच दोषी ठरवतो.

नळी पुन्हा लावताना तिचा वरचा वळसा जागेवर आहे ना, ते बघ. ती खाली लोंबत राहिली तर सिंकचं घाण पाणी मशिनमध्ये परत येतं. मग एक छोटा प्रोग्रॅम चालवून, ट्रे कोरडा असल्याची खात्री करूनच निघ.

बिलात ‘फिल्टर साफ केला’ असं झालं तेवढंच लिही. घरातल्या माणसाला फिल्टर फिरवून कसा काढायचा, तेही दाखवून ये. त्यात एखादा कॉल कमी होईल, होऊ दे.

पंपाची वायंडिंग मोजायची पद्धत पत्रात नीट सांगता येणार नाही. दिवाळीला येताना मल्टिमीटर घेऊन ये. अडगळीत एक जुना पंप ठेवला आहे.

तुझा,
मामा