शंभरीतल्या रेल्वे पुलाचं भाकीत

प्रश्न : रेल्वेचे कितीतरी पूल इंग्रजांच्या काळातले आहेत. त्यातला कुठला कधी थकेल, हे आधी कसं कळतं? कॉम्प्युटर सांगतो का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सांगतो, पण त्याला आधी माणसानं सांगावं लागतं. भारतीय रेल्वेचे पूल दीड लाखांच्या आसपास, त्यांतले शंभरी ओलांडलेले हजारोंनी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांची तपासणी होते. गर्डरच्या रिव्हेटला एका बाजूनं बोट लावायचं, दुसऱ्या बाजूनं हातोडी मारायची. रिव्हेट सैल असेल तर बोटाला थरथर जाणवते. मग पाया, खांब, बेअरिंग, गर्डर यांना अंक मिळतात. ५ म्हणजे ठणठणीत, ४ म्हणजे नेहमीची देखभाल पुरे, ३ म्हणजे मोठी दुरुस्ती, २ म्हणजे नियोजन करून पुनर्बांधणी आणि १ म्हणजे ताबडतोब.

भाकिताचं गणित या अंकांवर चालतं. समजा, ५ अंकाच्या शंभर गर्डरपैकी दर वर्षी चार ४ वर घसरतात. म्हणजे एक गर्डर सरासरी २५ वर्षं ५ वर टिकतो. पुढच्या घसरणींचीही अशीच शक्यता काढली, की वीस वर्षांनी किती गर्डर २ वर येतील आणि आज रंगकाम करणं स्वस्त की उद्या गर्डर बदलणं, याचा अंदाज बांधता येतो. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या नावावरून याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. तिच्या साध्या रूपात पुलाचं वय विचारतच नाहीत, आजचा अंक पुरतो! गंजाचं मात्र तसं नसतं. रंग उडाला की तो वेग घेतो, म्हणून सुधारित पद्धतींत पूल त्या अंकावर किती वर्षं आहे, तेही धरतात.

खरी गोची दुरुस्तीची आहे. ३ वरचा गर्डर दुरुस्त होऊन ५ वर गेला आणि वहीत दुरुस्तीची नोंद नसली, तर कॉम्प्युटरच्या लेखी लोखंड आपोआप बरं झालं! शिवाय पूल १ पर्यंत सहसा पोहोचूच देत नाहीत. साहजिकच जिथं धोका जास्त, तिथली माहिती सर्वांत तुटपुंजी. माझ्या मते मॉडेल कितीही देखणं असो, त्याची किंमत त्या नोंदवहीएवढीच.

पुराचा हिशेब तर वेगळाच. खांबाच्या पायाखालची वाळू एका रात्रीत वाहून जाऊ शकते. तिथं वर्षांची सरासरी काय कामाची? म्हणून कोकण रेल्वेनं सावित्रीवर आणि तुमच्या वाशिष्ठीवरही पुराचा इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. रत्नागिरीजवळच्या सुमारे ६४ मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात.

अंक घसरलेल्या पुलावर गरजेप्रमाणे वेगमर्यादा घालतात. तेव्हा पुलावर गाडी रेंगाळली, तर चालकावर चिडू नका.